चुन्याच्या पाण्यातला मका

पहाटेचे पाच वाजत आले आहेत. अजून उजाडलेले नाही. कुडाच्या भिंतींचे आणि ताडाच्या जातीच्या झावळ्यांनी शाकारलेले एक लांबट, दोन्ही टोकांना गोल असे घर आहे. घरात खाट नाही की बाज नाही. आढ्याला टांगलेल्या जाळीदार झोळ्यांमध्ये सारे कुटुंब झोपलेले आहे. त्यांतल्या एका झोळीतून दहा वर्षांची एक मुलगी खाली उतरते आणि मागच्या स्वयंपाकाच्या खोपीकडे जाते. तिची आई तीन दगडांच्या चुलीत लाकडे सारीत असते. चुलीजवळच काल रात्री उतरवून ठेवलेले एक भांडे आहे. त्यात मका आहे आणि मक्यावर पिवळट, काहीसे बुळबुळीत पाणी आहे. मुलगी ते पाणी ओतून देते, मका दोन-तीन पाण्यांनी चोळून चोळून धुते आणि बादली उचलून गावातल्या गिरणीकडे चालू लागते.

हे घर मेक्सिको देशातील युकातान द्वीपकल्पातले आहे. घरातली माणसे माया लोकांपैकी आहेत. 'माया' म्हटले की तुम्हाला जंगलातली दगडी पिरॅमिडे, शून्याचा वापर करणारे गणिती आणि नेमके पंचांग मांडणारे ज्योतिषी आठवतील. माया लोक केव्हाच नाहीसे झाले, असेही पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. मोठमोठी नगरे ओस पडली, परंतु माणसे राहिली. मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ आणि होन्डुरास या देशांत आजही साठ लाखांहून अधिक माया लोक राहतात आणि त्यांच्या सुमारे तीस भाषा बोलल्या जातात.

आपण पाहिलेली मुलगी ही कोणी एक विशिष्ट मुलगी नव्हे. युकातानातील अनेक खेड्यांमधून तिच्यासारखी मुले आढळतील. तिच्याबरोबर आपण एक दिवस घालवू या. तिने सकाळी ओतून दिलेले ते पिवळट पाणी मात्र लक्षात ठेवा. त्या पाण्यात एक मोठे रहस्य दडलेले होते. ते उलगडण्यास विज्ञानाला दोनशे वर्षे लागली आणि दरम्यान लक्षावधी माणसांना त्याची किंमत मोजावी लागली.

सकाळ : गिरणी, तवा आणि शाळा

गिरणीपाशी बायकामुलींची रांग असते. पूर्वी हा मका घरीच तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटावा लागे. पाच-सात माणसांच्या घरात या कामात आईचे कित्येक तास जात. गिरणी आल्यापासून ते कष्ट वाचले. गिरणीतून मुलगी घरी आणते ते कोरडे पीठ नव्हे. ओला मका दळल्यामुळे त्याचा मऊ गोळाच तयार होतो. आई आणि मुली एका बुटक्या गोल मेजाभोवती बसतात, गोळ्याचे लहान लहान उंडे करतात आणि बोटांनी थापून पातळ भाकऱ्या करतात. भाकरी तव्यावर पडते, फुगते आणि भोपळ्याच्या कवचाच्या भांड्यात गरम राहण्यासाठी ठेवली जाते. या भाकरीला माया भाषेत 'वाह' म्हणतात. वाह नसेल तर पोटभर जेवण झाले असे तेथे कोणी म्हणत नाही.

मेजाजवळ तीन वर्षांची धाकटी बहीणही घुटमळते आहे. तिलाही आई पिठाचा एक छोटा उंडा देते. ती तो वेडावाकडा थापते. आई त्याला फार तर एका बोटाने नीट करते आणि मोठ्या भाकऱ्यांबरोबर तव्यावर टाकते. ती वाकडी भाकरी भाजली जाते आणि ज्याने ती केली तोच ती खातो. 'तू अजून लहान आहेस, दूर हो' असे कोणी म्हणत नाही आणि 'आता मी तुला शिकवते' असेही कोणी म्हणत नाही.

न्याहारी झाली की आपली मुलगी आणि तिचा भाऊ शाळेत जातात. मेक्सिकोतील प्राथमिक शाळा सहा इयत्तांची असते. अनेक खेड्यांत द्विभाषी शाळा आहेत. तेथे स्पॅनिशबरोबर माया भाषेतही शिकवले जावे अशी अपेक्षा असते. शाळा माया मुलांना परकी वाटावी असे काही नाही. मूल तीन-चार महिन्यांचे झाले की त्याला प्रथमच कडेवर बसवण्याचा एक संस्कार होतो. त्याला 'हेत्स-मेक' म्हणतात. मुलीचा हा विधी तिसऱ्या महिन्यात होतो, कारण चुलीचे दगड तीन. मुलाचा चौथ्या महिन्यात होतो, कारण शेताचे कोपरे चार. या वेळी बाळाच्या हातात त्याला पुढे वापरावयाच्या वस्तू देतात : सुई, कोयता, आणि त्यांच्याबरोबर वही व पेन्सिलही.

दुपार : तीन पिकांचे एक शेत

सुट्टीच्या दिवशी भाऊ वडिलांबरोबर शेतावर जातो. शेत म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते तशी नांगरलेली काळी जमीन नव्हे. युकातानचा उत्तर भाग म्हणजे चुनखडकाचे एक प्रचंड सपाट पठार आहे. त्यावर मातीचा थर इतका पातळ आहे, की जागोजाग पांढरा खडक वर आलेला दिसतो. येथे नांगर चालत नाही. नद्याही नाहीत. पावसाचे पाणी चुनखडकाला विरघळवीत जमिनीखाली जाते आणि तेथेच वाहते. कोठे कोठे भुयाराचे छत कोसळून खोल नैसर्गिक विहिरी तयार झाल्या आहेत. त्यांना 'सेनोते' म्हणतात.

अशा जमिनीत माया शेतकरी फिरती शेती करतो. आपल्या सह्याद्रीतील कुमरी शेतीशी तिचे साम्य आहे. जंगलाचा एक तुकडा तोडून वाळू देतात. पावसाळ्यापूर्वी तो जाळतात. राखेतील क्षार मातीत मिसळतात. पहिला चांगला पाऊस झाला की टोकदार काठीने खडकांच्या सांदीतून भोके पाडून बी टोकतात. एकाच भोकात मक्याबरोबर घेवड्याचे आणि भोपळ्याचेही बी टाकतात. या शेताला 'मिल्पा' हे नाव आहे. दोन-तीन वर्षे पीक घेतले की तो तुकडा पुष्कळ वर्षे पडीक ठेवतात, म्हणजे जंगल पुन्हा वाढते.

तीन पिके एकत्र का? मक्याचे ताट उंच वाढते, घेवड्याचा वेल त्याला धरून वर चढतो. घेवड्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन पकडून ठेवतात आणि जमिनीचा कस टिकण्यास मदत होते. भोपळ्याची रुंद पाने जमिनीवर पसरतात. त्यामुळे ओलावा टिकतो आणि तण कमी माजते. हीच तीन पिके पुढे ताटातही एकत्र येतात. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले कमी असतात. घेवडा ही उणीव बरीचशी भरून काढतो.

मुलगा शेतावर काय करतो? बी टोकताना वडिलांच्या मागे चालतो, कणसे भरू लागली की पाखरे राखतो, परतताना जळणाची मोळी आणतो. पीक तयार झाल्यावर वडील मक्याची ताटे मध्यावर मोडून कणसे खाली वाकवतात. मुलगाही त्यांचे पाहून तसेच करतो. कणीस उलटे झाले की पावसाचे पाणी आत शिरत नाही आणि पाखरांनाही ते सहजी फोडता येत नाही. ताटावरच ते हळूहळू वाळते.

पाऊस लांबला तर मुलांना आणखी एक काम असते. पर्जन्यदेव चाक याची प्रार्थना करण्यासाठी गावकरी रानात वेदी उभारतात. तिच्या चार कोपऱ्यांशी चार मुलगे बसवतात आणि ते बेडकांसारखे ओरडतात. बेडूक आणि पाऊस यांचे नाते आपल्या खेड्यांतील मुलांनाही अपरिचित नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. माया मुलांची ही कामे म्हणजे केवळ गंमत नव्हे. कॅरेन क्रेमर या मानवशास्त्रज्ञ बाईंनी युकातान द्वीपकल्पातील एका माया खेड्यात राहून कोण किती वेळ कोणते काम करतो याच्या नोंदी घेतल्या. त्यावरील त्यांचे पुस्तक 2005 साली प्रसिद्ध झाले. मुलांची मदत नसेल तर आईवडिलांना आताच्यापेक्षा कितीतरी जास्त राबावे लागेल, असे त्यांना आढळले. कुटुंब मुलांच्या हातांवरही चालते. मुलांना याची जाणीव असते आणि त्याचा अभिमानही असतो.

संध्याकाळ : मूठभर चुना

दिवस मावळला. आपली मुलगी आता कणसांचे दाणे सोडवून भांड्यात घालते. त्यात दुप्पट-तिप्पट पाणी ओतते. मग एका डब्यातून थोडा पांढरा चुना घेऊन पाण्यात कालवते आणि भांडे चुलीवर चढवते. चुना किती, हे ती मोजत नाही. आईच्या हातात किती असे, ते तिने शेकडो वेळा पाहिले आहे. मोजून पाहिले तर तो मक्याच्या वजनाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास भरेल. पाणी तापते, उकळीला येते. थोड्या वेळाने ती एक दाणा काढून बोटांत चोळते. साल सुटू लागली की भांडे उतरवून रात्रभर तसेच ठेवते. सकाळी वर येते ते आपण पाहिलेले पिवळट पाणी.

या रीतीने शिजवलेल्या मक्याला मेक्सिकोत 'निश्तमाल' म्हणतात. हा शब्द आझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेतून आला आहे. माया लोक त्याला 'कूम' म्हणतात. ही रीत हजारो वर्षे चालत आलेली आहे.

चुना येतो कोठून? तो पायाखालीच आहे. युकातानचा चुनखडक फार प्राचीन काळी उथळ समुद्राच्या तळाशी, सागरी जीवांच्या शिंपल्यांचा आणि सांगाड्यांचा थर साचून तयार झाला. चुनखडक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो भट्टीत खूप तापवला की कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे चुनकळी, उरते. चुनकळीवर पाणी घातले की ती फुसफुसते, तापते आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होते. तोच आपला पानाला लावायचा विझवलेला चुना. ही दोन्ही समीकरणे तुमच्या पाठ्यपुस्तकात आहेत.

आता मुख्य प्रश्न. मका नुसत्या पाण्यात शिजवला तर काय बिघडेल?

मुलीला विचाराल तर ती सांगेल, की साल निघणार नाही आणि भाकरी होणार नाही. तिचे उत्तर बरोबर आहे. दाण्याच्या सालीत पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारे पदार्थ असतात. चुन्याचे पाणी अल्कधर्मी असल्याने ते पदार्थ काही अंशी विरघळतात आणि साल सुटते. चुन्यामुळे पिठाला चिकटपणाही येतो. गव्हात असते तसे ग्लूटेन मक्यात नसते, म्हणून मक्याच्या साध्या पिठाची भाकरी थापताना चिरते, हा अनुभव तुमच्या घरीही आला असेल. निश्तमालाचा गोळा मात्र पातळ थापला तरी तुटत नाही. शिवाय थोडा चुना दाण्यात मुरतो आणि खाणाऱ्याला कॅल्शियम मिळते.

परंतु चुन्याचे सर्वांत महत्त्वाचे काम डोळ्यांना दिसत नाही. ते समजण्यासाठी आपल्याला युकातान सोडून समुद्रापलीकडे जावे लागेल.

बी गेले, रीत राहिली

1492 साली कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यावरील बेटांवर पोहोचला. त्यानंतर लवकरच मक्याचे बी स्पेनमध्ये पोहोचले. भरघोस पीक देणारे हे धान्य युरोपातील गरीब शेतकऱ्यांना वरदान वाटले. उत्तर स्पेनमध्ये आणि उत्तर इटलीत तर गरिबांचे ते मुख्य अन्न झाले. त्यांच्याकडे धान्य कोरडे दळण्याच्या गिरण्या होत्याच. गव्हासारखाच मका दळला, त्याची लापशी शिजवली आणि खाल्ली. चुन्याची रीत बियांबरोबर गेली नाही.

1735 साली गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याला आपल्या भागातील गरीब शेतकऱ्यांत एक विचित्र रोग दिसला. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर, पायांवर आणि गळ्याभोवती लाल चट्टे उठत, कातडी खरखरीत होऊन सोलून निघे. पुढे जुलाब लागत, मग भ्रम होई आणि अखेरीस पुष्कळ रोगी दगावत. इटलीत या रोगाला 'पेलाग्रा' हे नाव मिळाले. त्याचा अर्थ 'खरखरीत कातडी'. मका खाणाऱ्या गरिबांनाच तो होतो, हे लोकांच्या लक्षात आले होते. म्हणून कोणी म्हणाले, मका कुजका असेल. कोणी म्हणाले, हा संसर्गजन्य रोग असेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात थैमान घालू लागला. तेथील गरिबांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. 1906 ते 1940 या काळात तेथे सुमारे 30 लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे 1 लाख लोक मरण पावले, असा अंदाज आहे. 1914 साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना या कामावर नेमले. त्यांनी एक साधी गोष्ट हेरली. अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत रोग्यांना पेलाग्रा होई, परंतु तेथल्या परिचारिकांना होत नसे. रोग संसर्गजन्य असता तर त्याने असा भेदभाव केला असता का? फरक होता तो जेवणात. दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये दिल्यावर रोग हटू लागला. 1915 साली त्यांनी तुरुंगातील 11 निरोगी स्वयंसेवक कैद्यांना माफीच्या बदल्यात केवळ मक्यासारख्या निकृष्ट आहारावर ठेवले. त्यांतील 6 जणांना पेलाग्राची लक्षणे दिसली. असा प्रयोग माणसांवर करणे आज कोणी योग्य मानणार नाही. तरीही काही डॉक्टरांचा विश्वास बसेना. तेव्हा गोल्डबर्गर यांनी रोग्याचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यांना काही झाले नाही.

अन्नात उणीव होती, पण कशाची? 1937 साली कॉनराड एल्वेहेम या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर शोधले. ती उणीव होती नायासिन या 'ब' गटातील जीवनसत्त्वाची.

येथे कोडे आणखी अवघड होते. मक्याचे पृथक्करण केले तर त्यात नायासिन आढळते! मग मका खाणाऱ्याला त्याची उणीव का भासावी? आणि जे माया लोक हजारो वर्षे मका खात आले, त्यांच्यात हा रोग असा का पसरला नाही?

उत्तर आपल्या मुलीच्या भांड्यात होते. मक्यातील बरेचसे नायासिन कर्बोदकांच्या मोठ्या रेणूंशी घट्ट बांधलेले असते. आपल्या आतड्याला ते सोडवून घेता येत नाही. पेटीत पैसे आहेत पण किल्ली नाही, अशी ही स्थिती. अल्कधर्मी पाण्यात मका तापवला की हा बंध तुटतो आणि नायासिन मोकळे होते. 1951 साली प्रसिद्ध झालेल्या लागुना आणि कार्पेंटर यांच्या प्रयोगांत नायासिन कमी असलेल्या आहारावरील उंदरांना कच्च्या मक्यापेक्षा चुन्यात शिजवलेला मका अधिक मानवला. शिवाय माया ताटातल्या घेवड्यातून ट्रिप्टोफॅन मिळते आणि त्यापासून शरीर स्वतःच थोडे नायासिन तयार करू शकते. म्हणजे किल्ल्या दोन होत्या. एक भांड्यात आणि दुसरी शेतात. समुद्रापलीकडे गेले ते फक्त बी.

दख्खनमधील पेलाग्रा

ही गोष्ट दूरदेशीची आहे असे समजू नका. पेलाग्रा आपल्या दख्खनच्या पठारावरही आढळला, आणि तोही मका न खाणाऱ्यांत! तेलंगणातील जे गरीब लोक जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगत, त्यांच्यात हा रोग होता. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्याचा अभ्यास केला आणि 1960 साली एक विचार मांडला. ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असते. त्याच्या अतिरेकामुळे शरीराच्या नायासिनविषयक व्यवहारात बिघाड होत असावा, असे त्यांचे म्हणणे होते. या मतावर पुढे शास्त्रज्ञांत पुष्कळ चर्चा झाली. पण त्यावरून ज्वारी वाईट असे मुळीच ठरत नाही. भाकरीबरोबर वरण, उसळ, पालेभाजी आणि ताक असले की ताट पुरे होते. रोग होत होता तो ताटात भाकरीखेरीज काहीच नसण्यामुळे, म्हणजे मुळात गरिबीमुळे.

रीत कशी शिकली जाते?

चुन्याची ही रीत कोणत्याही ग्रंथावाचून हजारो वर्षे टिकली. कशी? तीन वर्षांच्या त्या मुलीची वाकडी भाकरी आठवा.

बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ग्वातेमालातील एका माया गावात 1970 नंतरच्या दशकापासून मुलांच्या शिकण्याचा अभ्यास केला. त्यांनी आणि मारिसेला कोरिया-चावेस यांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भावंडांच्या जोड्यांपैकी एकाला एक नवे खेळणे कसे करायचे ते दाखवले. दुसऱ्याला शेजारी बसवून सांगितले, की तुझी पाळी नंतर येईल आणि तू वेगळे खेळणे करशील. त्याच्या हाती रमण्यासाठी एक निराळे खेळणेही दिले. काही दिवसांनी या दुसऱ्या मुलाला अचानक पहिलेच खेळणे करावयास सांगितले. ज्या माया घरांत मातांचा शाळेशी फारसा संबंध आलेला नव्हता, त्या घरांतील मुलांनी ते अधिक चांगले केले. कारण कोणी सांगितले नसतानाही ती भावंडाकडे लक्ष देऊन पाहत होती. बरेच शिकलेल्या मातांच्या माया मुलांचे लक्ष त्यांच्याहून कमी होते आणि अमेरिकेतील युरोपीय वंशाच्या मुलांचे त्याहूनही कमी.

शाळा नको, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच, की लक्षपूर्वक पाहणे आणि खऱ्या कामात हात घालणे हीसुद्धा एक शिक्षणपद्धती आहे आणि वर्गात ती सहज मागे पडते.

आणि म्हणूनच हे ज्ञान नाजूकही आहे. जे कोठे लिहिलेले नसते, ते एक पिढी चुलीपाशी बसली नाही तर पुसले जाते. 1970 नंतर युकातानच्या किनाऱ्यावर कानकून हे पर्यटनाचे शहर उभे राहिले आणि खेड्यांतील पुरुष व तरुण तेथे कामाला जाऊ लागले. मिल्पा कमी झाल्या. बाजारात निश्तमालाचे कोरडे पीठ तयार मिळते. त्यातही कारखान्यात चुना वापरलेला असतो, त्यामुळे त्याची काळजी नाही. पण शेत सुटले की ताटातला घेवडाही सुटू लागतो. त्याची जागा गोड शीतपेये आणि पाकिटातले पदार्थ घेतात. मेक्सिकोत मधुमेह ही आज मोठी समस्या झाली आहे. 2003 साली तेथील कायद्याने मूळच्या भाषांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा दिला. 2020 च्या जनगणनेनुसार युकातानची माया भाषा बोलणारे सुमारे पावणेआठ लाख लोक मेक्सिकोत आहेत. परंतु अनेक घरांत आजी माया बोलते आणि नातवंडे स्पॅनिशमध्ये उत्तर देतात.

उद्या आपली मुलगी शाळेत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे समीकरण शिकेल. त्या वेळी तिच्या शिक्षकांनी एवढेच म्हटले, 'हे तू रोज रात्री भांड्यात घालतेस ते', तर तिची चूल आणि तिची वही एकमेकींना जोडल्या जातील. ते न म्हटले, तर आजीचा चुना म्हणजे अडाणीपणा, असे तिला वाटू लागण्याची भीती आहे. युरोपने नेमकी हीच चूक एकदा केली होती. बी घेतले, पण ज्यांना ते शिजवता येत होते त्यांना काही विचारले नाही.

तुमच्या घरीही अशा रीती असतील. पापडात पापडखार का घालतात? डाळ-तांदूळ रात्रभर का आंबवतात? कडधान्याला मोड का आणतात? प्रत्येक जुनी रीत शास्त्रीय असतेच असे नाही. काही निव्वळ समजुती असतात, काही अपायकारकही असतात. कोणती कशी, हे विचारल्यावाचून आणि तपासल्यावाचून कळत नाही. तेव्हा प्रथम आजीला विचारा आणि मग प्रयोग करून पाहा.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करा. मक्याचे वाळलेले दाणे 100 ग्रॅमचे दोन वाटे करा. दोन स्टीलच्या भांड्यांत प्रत्येकी 300 मिलिलिटर पाणी घ्या. अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नका, चुन्याचा त्यावर परिणाम होतो. एका भांड्यात 1 ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, चुना घाला. दुसरे तसेच ठेवा. दोन्ही अर्धा तास उकळा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही पाण्यांत हळदीने रंगवलेला कागद बुडवून पाहा. कोणत्या पाण्यात तो तांबडा होतो? का? मग दाणे धुऊन बोटांत चोळा. कोणत्या दाण्यांची साल सुटते? दोन्ही वाटे पाट्यावर वाटून थापून पाहा आणि दिसेल ते वहीत लिहा. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, चुन्याच्या पाण्यानंतर हात स्वच्छ धुवा आणि प्रयोगातील मका खाऊ नका.

नायासिन मोकळे झालेले मात्र तुम्हाला दिसणार नाही. ते त्या मुलीलाही कधी दिसले नाही.